मरीच्या हंगामातला ऑस्ट्रेलिया

माघ लागला की मी उंदरांची चौकशी करू लागते. सुनेला विचारते, कोठीत खुडबुड ऐकू येते का? नातवाला विचारते, अंगणात मेलेला वगैरे दिसला नाही ना? घरातल्यांना आता सवय झाली आहे. "आजीचा हंगाम सुरू झाला," म्हणून ती हसतात. हसू देत. बाकीच्या बायका उंदीर दिसला की किंचाळतात, मी तो दिसेनासा झाला की भिते. कोठीत खुडबुड ऐकू आली की मला शांत झोप लागते.

यंदा त्यात भर पडली धाकट्या नातीच्या परीक्षेची. ओसरीवर पाय पसरून ती भूगोल पाठ करत होती. "ऑस्ट्रेलिया हे खंड चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले असल्यामुळे तेथील प्राणी व वनस्पती इतर खंडांपेक्षा वेगळ्या आहेत." हे वाक्य तिनं इतक्यांदा घोकलं की ज्वारी निवडणारे माझे हात थांबले. बाहेर माघातलं ऊन होतं, अजून कोवळं. हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास येत होता. बांधावर मुलानं लावलेली निलगिरीची रांग होती, साल सोलून निघालेली, उघड्याबोडक्या खोडांची. तीही झाडं तिकडचीच. त्यांची पानं उन्हाकडे पाठ न करता कड करून लोंबतात, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी कमी उडतं. कोरड्या मुलखात राहून राहून अंगी आलेली युक्ती ती.

"आजी, तुला माहितंय का गं ऑस्ट्रेलिया?" नातीनं विचारलं.

"माहीत आहे. मी त्याच्या शेजारी निजलेय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पुन्हा घोकायला लागली. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचा फार विचार करायचा नसतो, हे लेकरांना उपजतच कळतं.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं, हट्ट्याच्या अंगाला. अंमल निजामाचा, लढाई साऱ्या जगाची आणि रॉकेल कुणाच्याच नशिबी नाही, असे ते दिवस. माझे वडील, नाना, गावातल्या शाळेचे एकुलते एक मास्तर. माय, नाना आणि मी असे तिघं. थोरली बहीण आक्का लग्न होऊन कळमनुरीकडे गेलेली. आता जिथं वारंगा फाट्याची दुकानं आणि ट्रका उभ्या असतात, त्याच्या अलीकडचं तिचं सासर. तिला पहिलंच लेकरू होणार होतं आणि बाळंतपणाला ती आमच्याकडे यायची होती.

पौषात शेजारच्या गुरांच्या कोठ्यात उंदीर पडला. उंदीर मेला असं कुणी म्हणत नसे, पडला म्हणायचे. त्याला कुणी मारलेलं नसायचं. भर दिवसा तो माणसांच्या पायात झोकांड्या खात यायचा, गरगर फिरायचा आणि तिथंच कलंडायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. उंदरासारखं चोरटं जनावर, पण माणसाला न भिता चुलीपुढं येऊन बसलं. मायनं हातातली भाकर तशीच परातीत टाकली आणि मला बखोटीला धरून बाहेर काढलं. तिचा चेहरा पाहून मी रडायला लागले, का ते मला माहीत नव्हतं.

उंदीर पडला की मरी आली, म्हणजे प्लेग आला, असं समजून गाव सोडायचं, हा आमच्याकडचा रिवाजच होता. त्याला दवंडी लागत नसे. दारांना कड्या लागल्या, चुली विझल्या, आणि संध्याकाळच्या आत सगळं गाव शिवारात. तुराट्यांचे कूड, वर कडबा, आणि आत खाली ज्वारीचं भूस, अशा झोपड्या. आम्हाला जमीन नव्हती, म्हणून पाटलांनी आम्हाला आपल्या रानात जागा दिली. पाटील म्हणजे आडमाप देहाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी एकच ताकीद दिली: भांडी आणि अंगावरचे कपडे आणायचे, बाकी गोधडी नाही, पोतं नाही, चिंधी नाही. सगळ्यांनी ते ऐकलं.

आमच्या झोपडीला दार नव्हतं. माघाचं वारं आत शिरून हाडं गोठवायचं. नानांनी शाळेतून एकच वस्तू बरोबर आणली होती, कापडावर चिकटवलेला जगाचा नकाशा, आणि पाटलांनी तेवढ्याला डोळेझाक केली होती. तो त्यांनी दाराला टांगला. वर बर्फाचा मुलूख, मधे आपण, आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलिया. मी भुईवर निजायची, तेव्हा तो बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. वाऱ्यानं कोपरा उचलला जायचा. पाटलांच्या कोंबड्या त्याखालून बिनदिक्कत आत यायच्या.

शाळा चिंचेखाली भरायची. माझी चौथीची परीक्षा होती, ती होणार की नाही कुणाला ठाऊक नव्हतं, पण नाना शिकवत राहिले. माणूस घाबरला की आपलं रोजचं काम जरा जोरात करतो, हे मला पुढं कळलं. एके सकाळी त्यांनी नकाशा दारावरून काढून चिंचेला अडकवला आणि ऑस्ट्रेलियावर काठी ठेवली. फार फार वर्षांपूर्वी ही भुई दुसऱ्या भुईला जोडलेली होती म्हणतात, ते सांगू लागले. मग मधे समुद्र आला. आत राहिलेली जनावरं आतच राहिली, बाहेरचं कुणी आत आलं नाही. वाघ नाही, लांडगा नाही. मधला सगळा मुलूख कोरडा, पाऊस आला तर आला. म्हणून तिथं पोटाला पिशवी असलेलं जनावर झालं, उड्या मारत लांब लांब चारा शोधणारं. न उडणारा उंच पक्षी झाला. आणि एक तर असं झालं की चोच बदकाची, अंडी घालतं आणि पिलांना दूध पाजतं.

भाकरी थापत असलेल्या मायनं तिथूनच म्हटलं, "अवं, लेकरायला खरं सांगा. परीक्षेत तेच लिव्हतेल."

सगळी पोरं हसली. रानात आल्यापासून पहिल्यांदा कुणी मोठ्यानं हसलं असेल. पाटील बांधावर बसून ऐकत होते, ते मात्र हसले नाहीत.

"मास्तर, म्हंजे त्या दर्यानंच राखलं म्हना त्यायला."

"व्हय पाटील. तुटले म्हणून टिकले."

"मंग आपूनबी तसंच ऱ्हायचं. ही शीव म्हंजे आपला दर्या. बाहीरचं कुनी आत न्हाई."

नानांना त्या दिवशी कोण आनंद झाला. आपला धडा कुणाच्या तरी कामी आला, याचं मास्तर माणसाला अप्रूप असतं. आणि खरंच, त्यानंतर शीव पाळली गेली. बांधावर एक सपाट दगड होता. बाजारहाट करून आलेला माणूस मीठ-मिरची त्यावर ठेवून मागं सरायचा, मग आमच्यातलं कुणी जाऊन उचलायचं. पाहुणा आला तर ओरडून बोलायचा आणि परत जायचा.

तुटून राहिल्यावर जीव किती लवकर बदलतो, हे मी त्या हंगामात पाहिलं. ऑस्ट्रेलियाला युगं लागली असतील, आम्हाला एक पंधरवडा पुरला. खुराड्यात निजणाऱ्या कोंबड्या बाभळीच्या फांद्यांवर चढून बसायला शिकल्या. कुत्री भुंकायची थांबली, नुसतं कान टवकारून पाहायची. झोपड्या एकमेकींपासून लांब लांब टाकलेल्या, म्हणून सगळी माणसं ओरडून बोलायला लागली, आणि जवळ बसल्यावरही आवाज खाली येईना. लेकरांना काखा दाखवायची सवय लागली. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी आयांसमोर हात वर करून उभं राहायचं. माय माझ्या दोन्ही काखा, मान आणि जांघा चाचपायची. तिची बोटं थंडगार असायची. गाठ नाही म्हटल्यावर ती एक श्वास सोडायची. तो श्वास ऐकेपर्यंत मी माझा रोखून धरायची.

आक्काची गाडी अवसेनंतर आली.

भर दुपार होती. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, बैल शिवेवरच थांबवले. त्यांना रिवाज माहीत होता. तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, "मास्तर, आमच्याकडबी उंदीर पडला. आईला ताप हाये. हिचे दिस भरत आले, म्हून आनून सोडलं." एवढं सांगून त्यांनी आक्काला हात धरून उतरवलं आणि गाडी वळवली. आईकडे परत जाणं त्यांना भाग होतं. आक्का पोट सावरत उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात धूळ. आम्हाला पाहून ती हसली.

"नाना, म्या हाये. येऊ का आत?"

नाना उठले आणि थबकले. सगळ्या झोपड्यांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. पाटील खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, लेक तुमची हाये, तुमी सांगा. पर आत समद्याइची लेकरं हायेत."

मी नानांकडे पाहत होते. मला आक्का हवी होती, आणि आक्का आत येऊ नये असंही वाटत होतं. ही दोन्ही वाटणं एकाच पोटात होती. नाना शेवटी म्हणाले, पण पाटलांना नव्हे, बांधाकडे तोंड करून, "पुनवेपर्यंत पलीकडं ऱ्हा, बाई. पुनवेला आत घेऊ."

"काहून गं माय?" आक्कानं नानांना नव्हे, मायला विचारलं. "मला काई झालं न्हाई. हे बघ." आणि तिनं तिथंच, सगळ्या गावासमोर, दोन्ही हात वर केले.

माय म्हणाली, "पुनव होऊ दे. मंग घेते, पोटाशी धरते." तिचा आवाज ओरडून बोलण्याचाच होता, तरी मधेच फाटला.

शिवेपलीकडं हिवराचं झाड होतं. त्याच्याखाली पाटलांनी स्वतः कूड उभे करून वर कडबा टाकला आणि बाजूला झाले. आक्का तिथं राहिली. सकाळ-संध्याकाळ माय दगडावर भाकर ठेवायची, कालवण ठेवायची, मागं सरायची. आक्का यायची, वाकायला तिला जड जायचं. दोघी एकमेकींकडे पाहत राहायच्या. एकदा मायचा हात आपोआप पुढं झाला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागं घेतला.

मी दुपारी बांधावर जाऊन बसायची आणि आक्काला ओरडून धडा सांगायची. पिशवीवाल्या जनावराचं तिला फार आवडलं. "आसली पिशवी आपल्याला असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "येकटीच ऱ्हायले असते खुशाल." मग म्हणाली, "मला भेव वाटतं गं. हितं दुखायला लागलं तर कोन येईल?" मी पुन्हा ऑस्ट्रेलिया सांगायला लागले.

नातीच्या पुस्तकात नाही, पण टीव्हीवर मी अलीकडे पाहिलं. कांगारूची मादी पोटातलं पिल्लू थांबवून धरू शकते म्हणे. आधीचं पिशवीत दूध पीत असलं, की पोटातलं तिथंच थांबतं, वाढत नाही. आधीचं बाहेर पडलं की मग हे पुढं सरकतं. पाहता पाहता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण मायनं त्या हंगामात हेच मागितलं होतं. ती रोज सकाळी सूर्याकडे तोंड करून म्हणायची, ऊन वाढेस्तोवर थांबव, मग होऊ दे. ऊन वाढलं की मरी जाते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होतं. चैत्राची झळ लागली की गावं परत भरायची. आमचं सगळं औषध आभाळातून यायचं होतं आणि पोटातलं लेकरू काही थांबणारं नव्हतं.

आणि मग जुनेराचा प्रश्न निघाला. जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं-धोतर. जन्मलेल्या लेकराला नवं कापड लावत नाहीत, जुनेरात घेतात. कुणाच्या तरी अंगावर झिजलेलं असलं म्हणजे त्याला माया असते. शिवाय लढाईपायी बाजारात नवं कापड डोळ्यांना दिसत नव्हतं. रानात तर पाटलांच्या ताकिदीमुळं कुणाकडे अंगावरच्याखेरीज चिंधी नव्हती. म्हाताऱ्या बायका चुलीभोवती बसून म्हणाल्या, "जुनेराबिगर लेकरू कसं घ्यावं?" 

माय म्हणाली, "घरी पेटीत गाठोडं हाये. आनते."

कुणी अडवलं नाही. मला आजही याचं नवल वाटतं. ज्या माणसांनी पोटुशी पोर शिवेबाहेर बसवली, त्यांनी मायला सरळ गावात जाऊ दिलं. पण त्यांच्या हिशेबी त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. उंदीर तर सगळे मेले, घरं बंद पडलेली, माणूस नाही, आजारी नाही, मग तिथं उरलं काय? आणि घर आपलं. बाहेरून येणाऱ्याचं भय धरायचं, आपल्याच उंबऱ्याचं कसं धरणार? पाटील म्हणाले, "उजेडी जा, उजेडी ये. कापडं उकळून घे." नानांनी मान हलवली. माय गेली, आणि गाठोडं काखेला मारून आली. रानात आल्यावर तिनं राखेच्या पाण्यात ते सगळं खळाखळा उकळलं, काट्यांच्या कुंपणावर वाळत घातलं. मऊ, पिवळट पडलेली चिरगुटं उन्हात हलत होती. आक्का हिवराखालून बघत होती. तो दिवस आम्हा सगळ्यांना बरा गेला.

उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी राहतात, हे पुढं मी शाळेत शिकवलं आहे. त्या मेलेल्या उंदराला सोडतात आणि बंद घरात, कपड्यांत, फटींत कुणाची तरी वाट पाहत बसतात. पहिलं जे ऊबदार अंग येईल ते त्यांचं. आम्ही शिवेवर डोळे लावून बसलो होतो आणि मरण आमच्याच पेटीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी वर्गात कधी सांगितली नाही. परीक्षेत आली असती तर पोरांचे गुण गेले असते, पण मला ती म्हणवत नव्हती.

पुनवेच्या सकाळी मी हात वर करून उभी राहिले आणि माय आली नाही. ती झोपडीत बसून होती. डोळे लाल. तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. "नानाला बलाव," म्हणाली. "आन तू भाईरच थांब." नाना आत जाऊ लागले तर त्यांनाही तिनं दारातच थांबवलं. स्वतःच आपली उजवी काख चाचपली, आणि होय म्हणून मान हलवली.

पाटील आले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. कुणीतरी मागून पुटपुटलं की लेकीनंच आणलं हे. पाटील फिरून म्हणाले, "लेकीला ती शिवलीबी न्हाई. म्या रोज बघून राहिलो." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला मरेपर्यंत मानलं.

त्याच दुपारी आक्का आत यायची होती, आणि त्याच दुपारी माय बाहेर गेली. मोकळ्या रानात, हरभऱ्याच्या पट्ट्यातून. आक्का इकडे येत होती आणि माय तिकडे जात होती, त्याच हिवराखालच्या झोपडीत. समोरासमोर आल्यावर आक्का थांबली. मायला काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिनं हात पसरले. पोटाशी धरते म्हणाली होतीस ना, असं काही तिच्या चेहऱ्यावर होतं. माय वाट सोडून लांब हरभऱ्यात शिरली आणि म्हणाली, "लांबून जा, बाई. लेकरू हाये तुजं." हरभऱ्यावरून वारं गेलं. त्या दोघींमधून एक गाडी सहज गेली असती, एवढं अंतर होतं. मी त्याच्याहून रुंद समुद्र पुढं कधी पाहिला नाही, आणि मी मुंबईचा पाहिलेला आहे.

त्यानंतर दगडावर भाकर मी ठेवायची. पहिल्यांदा माय चालत आली. मग बसत, सरकत आली. मग एक दिवस भाकर तशीच राहिली. मी बांधावर उभी राहून हाका मारल्या. उत्तर नाही. कावळा आला आणि भाकर टोचायला लागला, मला तो हाकलावासाही वाटेना. माझ्या तोंडून ओरडणं निघालं ते ऐकून नाना धावत आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं आणि धोतर खोचलं.

"मास्तर," पाटील मागून म्हणाले, "गेलात तर तिकडंच ऱ्हावं लागंल."

"व्हय," नाना म्हणाले आणि गेले.

आता आई-वडील शिवेच्या पलीकडे आणि आक्का आणि मी अलीकडे. मी नकाशाचं दार लावून बसायची. वाऱ्यानं कोपरा हलला की वाटायचं, कुणीतरी सांगायला आलं. मी काखा चाचपायची, दिवसातून कितीदा तरी. स्वतःच्या नाडीचे ठोके बोटांना लागले तरी गाठ आली असं वाटायचं. बांधापलीकडून नानांचा आवाज यायचा. ते मायला मोठ्यानं काहीबाही सांगत असायचे, पिशवीचं जनावर, बदकाच्या चोचीचं जनावर, पावसाची वाट पाहणारी झाडं. त्यांना दुसरं काही सांगता येत नसावं. आवाज थांबला की आक्का माझा हात घट्ट धरायची आणि पुन्हा सुरू झाला की सोडायची.

आणि त्यातच आक्काला कळा सुरू झाल्या. गावची सुईण मरीच्या घरात यायला तयार होईना. तेव्हा पाटलांनी लमाणांच्या तांड्यावरची सुईण आणली, सोमलीबाई. तांडा वरच्या माळावर, कायमचा गावापासून तुटलेला. तिला आमची ओळख ना पाळख. तिनं आत येऊन आक्काच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "डरू नको बाई. सगळं बराबर हाय." इतक्या दिवसांत आक्काच्या अंगाला माझ्याखेरीज लागलेला तो पहिला हात. आक्का त्या हातावर डोकं टेकवून रडली. दुपार कलता कलता लेकरू झालं. मुलगा. सोमलीबाईनं त्याला मायनं आणलेल्या जुनेरात गुंडाळलं.

आक्का ऐकेना. अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी सोमलीबाईच्या खांद्याला धरून ती बांधापर्यंत आली. तिकडे नानांनी मायला उचलून हिवराच्या बुंध्याला टेकवून बसवलं. काखेत जवसाचं पोटीस बांधलेला तिचा हात वेडावाकडा लोंबत होता. आक्कानं लेकरू दोन्ही हातांवर घेऊन वर धरलं.

"माय, पोरगा हाये. दिसतो का?"

नाना तिच्या कानाशी लागून काही बोलले. बऱ्याच वेळानं ओरडले, "अजून वर धर म्हनती."

आक्कानं धरलं, अजून वर. माझी बोटं लेकराच्या खाली धरलेली, पडलं तर झेलायला. मायला ते दिसलं की नाही, मला सांगता येणार नाही.

माय जगली. गाठ फुटली की माणूस वाचतं असं म्हणत, तिची फुटली. नानांना काही झालं नाही. दाजींची आई गेली, दाजी राहिले. फाल्गुन सरला, वारं तापलं, ज्या उन्हाच्या नावानं उन्हाळाभर बोटं मोडायची त्या उन्हाला आम्ही हात जोडले आणि गाव परत भरलं. पोराचं नाव रानबा ठेवलं, रानात झाला म्हणून. माझी परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियावर प्रश्न आला नाही.

समुद्रानं तोडलेली जनावरं पुढं समुद्रात पूल बांधला तरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. माय घरी आली, पण पुरती आली नाही. ताट वाढलं की ते खाली ठेवून ती मागं सरायची. लेकरू रांगत तिच्याकडे गेलं की भिंतीला पाठ लावायची. रानबावर तिचा जीव, त्याच्यासाठी लाडू, त्याच्यासाठी गोधडी, पण त्याला मांडीवर घेतलेलं मी पाहिलं नाही. लोक म्हणायचे, मास्तरीण तुसडी झाली. आम्हाला माहीत होतं की ती त्याला राखून राहिली आहे.

रानबाच्या लग्नात हळद लागत होती. सगळ्या बायांनी ओंजळीनं हळद फासली. मायची पाळी आली. तिनं आंब्याचं पान हळदीत बुडवलं आणि लांबूनच त्याच्या गुडघ्याला टेकवलं. बायका हसल्या. रानबा आडदांड गडी, मस्करीत तिचा हात धरला आणि आपल्या गालावर दाबला. पान खाली पडलं. मायची पाचही बोटं त्याच्या गालावर. ती हात काढून घेईना. डोळे मिटून उभी राहिली. वाजंत्री वाजत होती, सगळ्यांना तो कौतुकाचा प्रसंग वाटला.

लग्न होऊन वऱ्हाड परत आलं, पाहुणे पांगले, तरी ती नीट जेवत नव्हती. चौथ्या दिवशी तिनं मला परसात बोलावलं.

"पोराचं आंग गरम तर न्हाई?"

"न्हाई माय. चांगला हिंडून राहिला."

"काखंत हात घालून पायलंस का?"

त्या वेळी मी स्वतः मास्तरीण झालेली होते, पिसवांचा धडा पोरांकडून घोकून घेत होते. कशानं काय होतं आणि कशानं होत नाही, सगळं मला ठाऊक होतं. मी हसले. म्हटलं, माय, इतकी वर्षं झाली, तो नवरदेव आहे आता. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी हसतच उठले आणि रानबा कुठं आहे ते बघायला गेले.